मराठा खंदकावरून

परगावी गेलेल्या माणसाचे पहिले दिवस स्थळांचे असतात; शेवटचा दिवस माणसांचा. कलकत्त्याचे (सरकारी दप्तरात २००१ पासून कोलकाता) व्हिक्टोरिया मेमोरियल, म्युझियम, दक्षिणेश्वर असे सारे रिवाजाप्रमाणे पाहून झाले होते आणि रात्रीच्या मुंबई मेलचे तिकीट खिशात होते. माझे यजमान इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांना ‘दादा’ म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला तिकडच्या रीतीने ‘बौदी’, म्हणजे वहिनी. चहा घेता घेता दादा म्हणाले, “चला, आज तुम्हाला तुमच्या लोकांची खूण दाखवतो.”

मला वाटले, एखादे महाराष्ट्र मंडळ असेल. पण दादांनी मला नेले बागबाजारातल्या एका साध्या गल्लीत. नाव मराठा डिच लेन. डिच म्हणजे खंदक. पाहण्यासारखे तिथे काहीच नाही. जे आहे ते त्या नावात.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालवर चालून आले. त्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनएक मैल खणून झाला आणि काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत! पण बाकीच्या बंगालवर मात्र जवळजवळ दहा वर्षे स्वाऱ्या होत राहिल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

आमच्या इतिहासात या प्रकरणातली ठळक गोष्ट म्हणजे १७४४ साली भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले ती. दादांच्या इतिहासात ठळक आहे ते गंगाराम कवीचे त्याच काळातले ‘महाराष्ट्र पुराण’: जळणारी गावे आणि वाट फुटेल तिकडे धावणारी माणसे. दोन्ही गोष्टी खऱ्या. आपण आपापल्या सोयीची तेवढी पाठ केली.

दुपारी श्यामबाजारच्या त्यांच्या घरी पंगत बसली. भात, रुई माशाचा झोल, खसखशीत शिजवलेले बटाटे. जेवण आटोपल्यावर बौदी आतल्या खोलीत नातीला निजवू लागल्या. गाण्याची चाल मोठी गोड होती. अचानक एक शब्द कानी पडला: ‘बर्गी’. त्याच क्षणी गाणे थांबले. पाहुणा कुठला आहे हे बौदींना आठवले असावे.

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर स्वारी करणारा शिपाई. मराठी शिकवणाऱ्याला या शब्दाची व्युत्पत्ती सांगायला एरवी केवढा उत्साह! त्या दुपारी मात्र तो शब्द पावणेतीनशे वर्षे आयांच्या तोंडी राहून माझ्यापुढे आला होता. कोणतीही बखर इतकी टिकत नाही, कारण बखर वाचावी लागते. अंगाई दुधाबरोबर पोटात जाते. मी दाराशी जाऊन म्हटले, “बौदी, अर्धवट नका ठेवू.” त्या किंचित हसल्या आणि त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली. बर्गींची स्वारी, पाखरांनी फस्त केलेले धान आणि भरायचा सारा, एवढी सारी चिंता त्या दोन-चार ओळींत आहे. मूल निजले. मी मात्र जागाच होतो.

संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटला निघालो. बस आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरून धावत होती. दादा म्हणाले, “आपण खंदकावरूनच चाललो आहोत. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला, तोच हा.”

कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरून दादांनी मला एक पुस्तक घेऊन दिले. सखाराम गणेश देउस्करांचे ‘देशेर कथा’. देउस्कर देवघरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, पण लिहिले ते बंगालीत. इंग्रजी राज्याने देश कसा नागवला याचा हिशेब त्यांनी १९०४ साली मांडला. १९१० साली सरकारने पुस्तक जप्त केले. याच देउस्करांनी बंगालात शिवाजी उत्सव रुजवला. १९०४ सालीच रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली आणि १९०६ साली त्या उत्सवाला खुद्द टिळक कलकत्त्यास आले.

मी दादांना विचारले, “ज्या शहराने मराठ्यांच्या भयाने खंदक खणला, त्यानेच शिवाजीचा उत्सव करावा, हे कसे?”

“बर्गी आमच्या अंगाईत आहेत, शिवाजी आमच्या कवितेत,” दादा म्हणाले. “दोघांनाही आम्ही जागा दिली. तुमच्याकडे अंगाईतल्या बर्गींना जागा आहे का?”

मला उत्तर सुचले नाही. अजूनही या प्रश्नाला मी चटकन हो म्हणू शकत नाही.

हावड्याला बौदी नातीला घेऊन आल्या होत्या. खजुराच्या नव्या गुळाच्या संदेशाचा डबा त्यांनी माझ्या हाती दिला. बंगालीतही निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, आपल्यासारखेच ‘येतो’ म्हणतात: ‘आशी’. गाडीत चढताना मी तसे म्हणालो. बौदींनी नातीचा हात हलवून तिला सांगितले, “काकूंना म्हण, पुन्हा या.”