बी-टू झाली की

बी.एस्सी. नर्सिंग झालं. आता जर्मनी. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आम्हा मैत्रिणींत हाच विषय. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला भाषेची बी-टू पातळी लागते. तोवर सहायकाचं काम.

मला भीती भाषेची नाही, एकटेपणाचीही नाही; आहे ती तिथल्या कामाची. आमच्या अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णाला पुसून घेणं, भरवणं हे बहुतेक नातेवाईकच करतात; केजची, धारूरची माणसं खाटेशेजारी सतरंजी टाकून रात्र काढतात. जर्मनीत हे परिचारिकाच करते. अनोळखी आजीचे केस मी विंचरायचे, तिच्याच भाषेत तिला धीर द्यायचा. हे काम हलकं म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. शुश्रूषा म्हणजे आणखी काय असतं?

आई म्हणते, इतक्या लांब एकटी? मी म्हटलं, योगेश्वरी कुलदेवता असलेली कोकणातली माणसं घाट चढून इथवर येतातच की. ती म्हणाली, दर्शन घेऊन परतही जातात. मला उत्तर सुचलं नाही.

पण बर्फ बघायचाय, एकटीने आगगाडीतून अनोळखी गावं फिरायचीत, स्वतःच्या पगारातून घरभाडं भरायचंय. पासपोर्टचा अर्ज सोमवारी भरते.