उघडलेल्या छपराखाली

एप्रिल-मे आला की गिरगावातल्या जुन्या चाळींना परांच्या बांधल्या जातात. कौलं उतरतात, कुजलेले वासे बदलतात, गच्चीवरचा फुगलेला कोबा फोडतात. पावसाआधी सगळं बुजवायचं, असा हिशेब. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनला येतो. 2025 साली तो 26 मेलाच आला.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीच्या डोक्यावरचं छप्पर असंच एकदा उघडं होतं. ताडपत्री एका बाजूने नुसती टाकलेली, बांधलेली नव्हती. रात्रीतून गाद्या भिजल्या, कपाटाचं प्लाय फुगलं. आणि मावशी साड्यांना फॉल-पिको करते, त्यासाठी आलेल्या गिऱ्हाइकांच्या रेशमी साड्यांचे रंग एकमेकींना लागले. मालक म्हणाले, "पाऊसच तसा पडला." कंत्राटदाराने मालकांकडे बोट दाखवलं. मावशीने मात्र गिऱ्हाइकांना पावसाचं कारण सांगितलं नाही. हप्त्याहप्त्याने साड्यांचे पैसे भरून दिले. वस्तू आपल्या ताब्यात होती, एवढंच तिला पुरेसं होतं.

कायद्यात मी तिच्या या न्यायाला आधार शोधला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तो टाळत असेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना तीनशे रुपये भाडं असेल तर वर्षाचे नऊशे. तेही भिंती-छपरासाठी. भिजलेल्या सामानाबद्दल हे कलम काहीच म्हणत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, कोणाचा निष्काळजीपणा, काय भिजलं, किंमत किती, हे शाबीत करायचं. दुसऱ्याच्या साडीची पावती मावशीने कुठून आणायची?

मालकांची बाजू मला कळते. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. नवा कायदा लागू झाल्यावर वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. इतक्या उत्पन्नात इमारत सांभाळणं अवघड आहे. छप्पर दुरुस्त व्हायला उशीर का होतो, ते यातून समजतं. ताडपत्री का बांधली नाही, ते समजत नाही. ज्याने छप्पर उघडलं, त्याने ते पुन्हा बंद होईपर्यंत खालच्या खोलीची जबाबदारी घेतली, असंच मी मानतो.

भाडेकरूला घरातल्या सामानाचा विमा काढता येतो, आणि जमेल त्याने तो काढावाच. पण दुसऱ्याच्या कामातून येणाऱ्या धोक्याचा हप्ता त्याने का भरायचा? कंत्राटदाराला बांधकामाचा विमा घेता येतो. त्यात इतरांच्या नुकसानभरपाईचाही भाग असतो. परांची चढण्याआधी ती पॉलिसी दाखवा, हे मागणं अवाजवी नाही.

यंदा चाळीची मागची बाजू उघडणार आहे. भाडेकरूंनी मालकांना पत्र दिलं: आधी प्रत्येक खोलीतल्या सामानाची फोटोंसह यादी, ते हलवायला तळमजल्यावर कुलूपबंद जागा, विम्याची प्रत, आणि रोज संध्याकाळी ताडपत्री बांधल्याची सही. मावशीने त्यात एक ओळ वाढवायला लावली: भाडेकरूंकडे कामासाठी आलेल्या दुसऱ्यांच्या वस्तूही यादीत धराव्यात.