आजाराची उचल

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा वर्षाचा हिशेब मुकादमाच्या उचलीपासून सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर हंगामाआधीच ठोक रक्कम मिळते आणि पुढचे पाच-सहा महिने, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, ती टनाटनाने फेडली जाते. ही उचल लग्नात जाते, घरावरच्या पत्र्यांत जाते आणि पुष्कळ घरांत दवाखान्यात जाते.

२०१९ मध्ये इथल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

दुखण्याची सुरुवात साधी असते. पालावर न्हाणी नाही, शौचालय नाही, पाणी लांब. पाळीतही मोळ्या वाहाव्याच लागतात, कारण दिवस बुडाला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. मग संसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. वेळीच तपासणी आणि थोडी औषधे मिळाली तर यातले बरेचसे बरे होते. पण ते अंगावर काढले जाते. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होते, कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. पैसे पुन्हा मुकादमाकडूनच येतात.

इथून कर्जाची खरी क्रूरता सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर जिला विश्रांती हवी, तिलाच फेडीसाठी फडात उभे राहावे लागते. कंबर साथ देत नाही, ऊस कमी तुटतो, बाकी पुढच्या वर्षावर चढते. ज्या शरीराच्या उपचारासाठी कर्ज काढले, तेच त्या कर्जाला तारण पडते.

सरकारी आधार नाही असे नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हृदयाच्या किंवा कॅन्सरच्या रुग्णासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाची आणि ठरवून दिलेल्या उपचारांची. दाखल होण्याआधीच्या चार फेऱ्या, औषधे, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी तिच्या दरपत्रकात बसत नाही. मोफत रुग्णालयाची बाह्यरुग्ण वेळ असते तेव्हा बाई फडात असते.

समितीच्या कामानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. तिने अनावश्यक शस्त्रक्रियेला आळा बसू शकतो, दुखणे मात्र उरतेच. त्यासाठी हंगामाआधी आणि नंतर प्रत्येकीची तपासणी हवी, फडाजवळ संध्याकाळी उघडा असणारा फिरता दवाखाना हवा आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद व्हायला हवा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे. त्या पैशावर या खर्चाचा पहिला हक्क असायला हवा.