कोरडं लाकूड

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन रकाने असायचे. एकात तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. हे सुवाहक. दुसऱ्यात लाकूड, रबर, काच, चिनी माती. हे दुर्वाहक. तेवढं पाठ केलं की मार्क पदरात पडायचे. पण शेतात जन्म काढल्यावर मला कळलं, की लाकूड त्या रकान्यात कायमचं बसत नाही. कोरडं आहे तोवर बसतं. भिजलं की रकाना बदलतं.

आमच्या घरातल्या बायकांना ही विद्या पुस्तकाआधीच आलेली. तापलेलं भांडं उतरवायचं तर पदराचा बोळा पाहिजे, पण ओल्या फडक्यानं धरायचं नाही, चटका आत येतो. स्टीलची पळी आमटीत विसरली की दांडा हातात धरवत नाही. लाकडी डावाचं वरचं टोक मात्र गारच. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन फिरत असतात. तेच वीज नेतात, आणि उष्णताही बहुतेक तेच नेतात. म्हणून तांबं दोन्ही कामांत पुढं. लाकडात ते जागच्या जागी बांधलेले.

गोधडीचंही तसंच. गोधडी स्वतः ऊब देत नाही, अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. तीच गोधडी माळ्यावरच्या गळतीनं भिजली, की पांघरलेल्या माणसाला हुडहुडी भरते. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता ओढून नेतं. लुगडं तेच, टाके तेच, फक्त हवेच्या जागी पाणी शिरलं.

उष्णतेच्या बाबतीत चूक झाली तर चटका बसतो नाहीतर थंडी वाजते. विजेच्या बाबतीत माणूस जातो.

शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. दारं धरायला माणूस चिखलातून अनवाणी येतो आणि तसाच मोटारीच्या पेटीला हात लावतो. आमच्या शिवारात पावसाळ्यात एक तरणा गडी असाच पेटीला चिकटला. धाकटा भाऊ जवळच होता. त्यानं बांधावरची निरगुडीची फांदी मोडली आणि भावाला ढकलायला गेला. फांदी हिरवी, वर पावसानं भिजलेली. त्यालाही झटका बसला, तो लांब फेकला गेला म्हणून वाचला. थोरला गेला.

दहाव्याच्या दिवशी तो पोरगा मला म्हणाला, "आबा, लाकडाला करंट लागत न्हाई म्हणत्यात ना?"

मी म्हणालो, "ते लाकूड नव्हतं रे, पाणी होतं."

हिरव्या फांदीत रस असतो, रसात क्षार. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, पण शेतातलं पाणी कुठं शुद्ध असतं? त्यात माती, खत, घाम. माणसाची कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते, ओली झाली की फार कमी. अँपियरच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह छातीतून गेला तरी काळीज थांबू शकतं.

खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्या नीट बघा. त्यांना छत्रीसारखे एकाखाली एक कंगोरे असतात. पाऊस पडला तरी कंगोऱ्याखालची जागा कोरडी राहावी म्हणून. उन्हाळाभर त्यांवर धूळ बसते आणि पहिल्या पावसात ती ओली झाली की लाईट जाते, ती यामुळंच. चिनी मातीलाही कोरडं राहावं लागतं, तिथं फांदीचं काय!

आता आमच्या मोटारीच्या खोलीत आढ्याला कळकाची एक वाळलेली काठी टांगलेली आहे. ती गुरांना हाणायला घ्यायची नाही, पाण्याची खोली बघायला घ्यायची नाही. कोरड्या फळीवर उभं राहिल्याशिवाय पेटीला हात नाही. कोणी चिकटलाच तर आधी मेन स्विच पाडायचा, तो हाताशी नसेल तरच काठी. आणि डीपीकडं येणारी अकरा हजारांची लाईन तुटून पडली, तर कोरडी काठीसुद्धा न्यायची नाही. तिथं लांब उभं राहायचं आणि वायरमनला फोन करायचा.

नातवंडांना दोन रकाने शाळा शिकवतेच. कोरडं आणि ओलं हे आपणच शिकवायला लागतं.