मत्स्यापासून कल्कीपर्यंत

नवी मुंबई आणि हेवी मेटल यांचं वय एकच. १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडात ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी निघाली, आणि पुढच्याच महिन्यात, १७ मार्चला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली. इकडे खाडीपलीकडची भातखाचरं आणि मिठागरं नकाशावर सेक्टरांत वाटली जाऊ लागली. तिकडे बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी दोन बोटांवर प्लास्टिकची टोपणं चढवून गिटार वाजवत होता. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं बाटलीचं प्लास्टिक वितळवून टोपणं घडवली, हलक्या तारा घेतल्या, पुढे त्या ढिल्याही केल्या. सूर खाली उतरला आणि जड झाला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत ज्यांचे वडील पाळ्या करून थकले, त्या मुलांना हा सूर कुणी समजावून सांगावा लागला नाही. तो त्यांच्या घरी आधीच येऊन बसला होता.

पण वाजवायचं कुठे?

नोड आखले गेले, बाजार आले, शाळा आल्या, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह उभं राहिलं. गिटारवाल्या मुलांची वाट मात्र हार्बर लाइननंच जात राहिली. पाठीवर गिटार, अंगात काळा टी-शर्ट, लगेजच्या डब्यात उभ्यानं प्रवास, वाशीच्या पुलावर खाडीचा वारा. वडाळ्याला गाडी बदलून अंधेरी, तिथून जुहूचा क्लब, रॅझबेरी र्‍हायनोसरस. नाहीतर थेट सीएसटी, आणि पायी धोबीतलाव.

धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन. वर आकाश, समोर पायऱ्या, आणि १९८६ पासून तिथे दर पावसाळ्यात भरणारा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव. त्याही आधी, १९७८ पासून, जॅझ यात्रा. ज्यांनी तिथे उभं राहून मान हलवली त्यांना विचारा. आज ती माणसं पन्नाशीला आली आहेत, मुलांच्या फिया भरतात, गुडघ्यांची तक्रार करतात, आणि रंगभवन म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो. रंगभवना, तू सरकारी मांडव होतास. तुला ना गादीच्या खुर्च्या, ना थंड हवा. पण ज्यांना या महानगरानं दुसरीकडे कुठेही घेतलं नाही त्यांना तू घेतलंस. पावसात भिजलेले हजारो जण तुझ्या पायऱ्यांवर एका तालात उसळले, आणि त्या तालाला जात, भाषा, स्टेशन काही विचारावं लागलं नाही.

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. तिथे दिवसा पन्नास डेसिबल, रात्री चाळीस. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला कामा रुग्णालय. काही वर्षांतच तिथलं संगीत थांबलं. रुग्णाला झोप मिळायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. माझं दुःख वेगळं आहे. एक जागा गेली तेव्हा तिच्या बदल्यात दुसरी द्यावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. रात्री दहानंतर बारापर्यंत ध्वनिवर्धकांना सवलत देता येणारे वर्षाचे जास्तीत जास्त पंधरा दिवस सणांना आणि उत्सवांना जातात. माझ्या माहितीत त्यांतला एकही कधी या मुलांच्या वाट्याला आला नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही.

योग असा की ज्या वर्षी हे नियम आले त्याच वर्षी मुंबईत डिमॉनिक रेझरेक्शन हा बँड उभा राहिला. तो उभा करणारा साहिल मखिजा, मंचावरचं नाव डिमनस्टीलर. जागा बंद होत गेल्या आणि हा माणूस रेकॉर्ड करत गेला. पहिली तबकडी २००० मध्येच. मग २००५ ची ‘अ डार्कनेस डिसेन्ड्स’, २००७ ची छोटी ‘बियॉन्ड द डार्कनेस’, २०१० ची ‘द रिटर्न टू डार्कनेस’. या तिघींची मिळून अंधाराची एक त्रयी झाली. बँडमध्ये माणसं आली, गेली. नोकऱ्या, लग्नं, परदेश, जे होतं ते सगळं झालं. साहिलनं स्वतःचं लेबल काढलं, त्यावर दुसऱ्या बँडांची गाणीही काढली. मंच नव्हता म्हणून रेझरेक्शन नावानं स्वतःच कार्यक्रम भरवले. २०१० मध्ये हा बँड नॉर्वेतल्या ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला, आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात त्याला ग्लोबल मेटलचा पुरस्कार मिळाला. इथल्या मराठी घरांत ही बातमी पोचली नाही. पोचली असती तरी घरच्यांनी विचारलं असतं, गाणं कुठलं म्हणतात ते?

२०१४ च्या ‘द डिमन किंग’नंतर, २०१७ मध्ये, त्यांनी ‘दशावतार’ ही तबकडी काढली. दहा गाणी: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. शब्द इंग्रजी. डबल बेसचा न थांबणारा मारा, त्यावर कीबोर्डचे थर, घशाच्या तळातून उपसून काढलेला आवाज, मधेच स्वच्छ गळ्यानं गायलेली ओळ, आणि त्या गदारोळात आपली देशी वाद्यं. या एका तबकडीपाशी मी थांबतो, कारण हिच्यावर आपला हक्क होता आणि आपण तो सांगितला नाही.

नवी मुंबईत सिंधुदुर्गातून आलेल्या घरांची कमी नाही. त्या प्रत्येक घराला दशावताराचा खेळ ठाऊक आहे. जत्रेची थंडी, देवळापुढचा मांडव, हार्मोनियम, मृदंग आणि झांज. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो, वेद पळवतो, पोरं आईच्या पाठीमागे दडतात, आणि मग विष्णू येऊन त्याचा वध करतो. तो मत्स्यावतार. या तबकडीचं पहिलं गाणं तिथूनच निघतं. काळे कपडे, भेसूर आवाज, वाद्यांचा कल्लोळ, मध्यरात्रीची वेळ: ज्यांच्या आजोबांनी संकासुराला पहाटेपर्यंत जागून दाद दिली, त्या नातवंडांच्या खोलीतलं हे संगीत घरानं परकं ठरवलं. भीतीला रूप देऊन तिला मंचावर नाचवायचं, हे कोकणानं शतकानुशतकं केलं. नरसिंह खांबातून निघतो तो काही मंद स्वरात निघत नाही. (नववा अवतार त्यांनी बुद्ध घेतला आहे. आपल्याकडच्या कित्येक जुन्या चित्रांत आणि पंचांगांत त्या जागी विठ्ठल उभा असतो. विटेवरच्या देवासाठी या बँडनं काय वाजवलं असतं, हे ऐकायला मला फार आवडलं असतं.)

हा एकच बँड नव्हता. २००३ पासून भयानक मौत होता. २००९ ची स्वतःच्याच नावाची तबकडी आणि २०१४ ची ‘मॅन’ ज्यांनी ऐकली त्यांना तो अजून विसरता येत नाही. स्क्राइब होता: २००८ ची ‘कन्फेक्ट’, २०१० ची ‘मार्क ऑफ तेजा’, २०१४ ची ‘हेल मोगॅम्बो’. हिंदी सिनेमाचे खलनायक आणि पावभाजी यांना त्यांनी मेटलमध्ये सन्मानानं जागा दिली. काहींनी पुढे कॅमेरा धरला, काहींनी कचेरी. जुहूचा तो क्लब बंद झाला. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे तबकड्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तिथल्या कप्प्यांत बोटं फिरवत घालवलेल्या दुपारींसकट. इंडिपेंडन्स रॉक काही वर्षं थांबला, २०२२ मध्ये पुन्हा भरला. २२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथचा ऑझी ऑस्बर्न गेला. गावच्या मैदानात शेवटचं गाऊन त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. बर्मिंगहॅमनं त्याची अंत्ययात्रा रस्त्यातून वाजतगाजत नेली. गावानं आपल्या पोराला असं पोचवावं.

आमच्या गावात नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे यूटू वाजले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तीन दिवस. स्टेशनं फुलून गेली, जादा गाड्या सुटल्या, आणि सगळं शहर आनंदात होतं. मीही होतो. म्हणजे आवाज या शहराला सोसतो. पाहुण्यांसाठी ते मैदान उघडतं. घरच्या मुलांसाठी दोनशे माणसांची, भिंतींना ध्वनिरोधक अस्तर लावलेली, परवडणाऱ्या भाड्याची एक खोली उघडत नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात बंद पडलेली एक शेड पुरेल. फक्त ती अशी शोधावी की जवळ रुग्णालय नसेल, शाळा नसेल, रात्री झोपमोड व्हावी असं कुणी राहत नसेल. महानगरपालिकेनं आणि सिडकोनं एवढं करावं.

आणि वाचणाऱ्यानं एवढं करावं. ‘दशावतार’ मिळवा, विकत घ्या, आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत एका बैठकीत, मोठ्या आवाजात ऐका. घरात काळा टी-शर्ट घालणारं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवा. पहिलं गाणं अंगावर येईल. तरी थांबा, चौथा नरसिंह आहे.