हात लावण्याआधी

मी मिशिगनमध्ये फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करते. माझी पदवी डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची. अमेरिकेत एम.डी.सारखेच डी.ओ.ही औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात. त्याशिवाय आम्हाला स्नायू-सांध्यांवर हातांनी उपचार करायला शिकवतात, साधारण २०० तास. पुण्याचे नातेवाईक मात्र अजून आईला विचारतात, "मुलगी हाडांची डॉक्टर ना?"

पूर्वी डी.ओ.च्या विद्यार्थ्यांना शिकागोला किंवा फिलाडेल्फियाजवळ जाऊन, रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांना तपासून दाखवावं लागे. ती परीक्षा कोविडमध्ये थांबली आणि २०२२ मध्ये कायमची बंद झाली. त्यामुळे नवा डॉक्टर रुग्णाशी कसा बोलतो, कसा तपासतो, हे सीनियर बारकाईने बघतात. रेसिडेन्सी जुलैत सुरू झाली तेव्हाच माझ्या सीनियर म्हणाल्या, "अडलं तर रात्री दोनलाही फोन कर. न विचारता काही केलंस तर चालणार नाही."

हिवाळ्यात एक मराठी आजी आल्या. मुलाकडे राहायला आलेल्या, पाठ खूप दुखत होती. मुलगा म्हणाला, "तुम्ही डी.ओ. आहात, आईची पाठ मोकळी करून द्या." मला बरं वाटलं. इथे असं आपणहून मागणारं फारसं कुणी भेटत नाही.

फॉर्मवर फक्त बीपीची गोळी लिहिलेली. मी विचारलं, "आजी, दुखण्यावर आणखी काही घेता?"

"त्या सांधेदुखीच्या गोळ्या आहेत ना. मेडिकलवाला देतो."

पर्समधून पाकीट निघालं. प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड, आणि तेही कित्येक वर्षं रोज. त्याने हाडं ठिसूळ होतात. सोबत आलेल्या सुनेला खोलीत थांबायला सांगितलं, आजींना विचारून पदर बाजूला केला आणि मणक्यांवर हलकेच टिचकी मारत गेले. एका जागी त्या कळवळल्या.

सीनियरना फोन केला. एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. अशा पाठीला झटका दिला असता तर काय झालं असतं, हे त्या रात्री माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्या दिवशी हातांनी काहीच उपचार केला नाही. मुलगा नाराज झाला. "मग डी.ओ.कडे येऊन काय उपयोग?" त्याला एक्स-रे दाखवला, समजावलं. वेळ गेला, पण तो वेळ द्यायलाच हवा होता. हाडांची घनता तपासली, औषध सुरू केलं. स्टेरॉइड सीनियरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केलं.

आई-वडिलांना इकडे आणलंत तर डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, मेडिकलवाल्याने दिलेलीसुद्धा. आणि त्यात स्टेरॉइड निघालं, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका.