सकाळी एफ-वन

मार्च २०१३. दुष्काळाचं वर्ष. केळना आणि धामणा या दोन्ही नद्यांच्या संगमावर आमचं जाफराबाद वसलेलं, पण त्या वर्षी दोन्ही पात्रांत पोरं क्रिकेट खेळत होती. जालना जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे टँकर. माझ्या दुकानात मात्र कामाचा पूर आलेला, कारण मार्चअखेर. वर्षभर कुणी कॉम्प्युटरकडे ढुंकून बघत नाही आणि मार्चमध्ये सगळ्यांचेच एकदम बंद पडतात.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी गावातल्या एका पतसंस्थेतून मॅनेजर साहेबांचा फोन आला.

"डे-बिगिन होत नाही. सकाळपासून काउंटर बंद आहे. पिग्मीवाले येऊन बसलेत. तू आहे कुठं?"

मी माहोऱ्याला होतो, एका शाळेच्या लॅबमध्ये. पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले. ज्यांना पतसंस्थेचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, सकाळी सॉफ्टवेअरमध्ये दिवस 'उघडावा' लागतो आणि संध्याकाळी 'मिटवावा' लागतो. उघडला नाही तर ना भरणा, ना उचल. त्यांचा सर्व्हर म्हणजे विंडोज सर्व्हर २००३ टाकलेला एक जाडजूड कॅबिनेट. लाकडी टेबलाखाली पायांजवळ ठेवलेला आणि त्यावर गठ्ठ्याने जुनी व्हाउचरं. काउंटरवर चार एक्सपीची मशीनं. सर्व्हर कुणी वाईट ठेवला होता असं नाही. आमच्याकडे सगळ्यांचे असेच असतात.

मी आधी मशीन उघडलं. आमच्या भागात हा रिवाजच आहे, कारण निम्मे आजार धुळीचे. कापसाचा आणि सोयाबीनचा हंगाम गेला की प्रोसेसरच्या पंख्यावर रजई तयार होते. ब्लोअर मारला. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसले आणि परत बसवली. हसू नका, मी आजवर जेवढी मशीनं 'दुरुस्त' केली त्यातली कितीतरी या दोन रुपयांच्या खोडरबरनेच. मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहिले, कारण २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर ते पुरीसारखे फुगतात. इथं सगळे सपाट होते. हार्ड डिस्कची केबल बदलली.

मग सुरू केलं. चालू झालं, पण सॉफ्टवेअर अडून बसलेलं. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला की एक अर्धवट नोंद अडकली आहे, ती काढतो, पण अडकली का ते तुम्ही बघा, डिस्क खराब असेल. झालं, मला तेवढंच पुरलं. चेकडिस्क लावलं, ते रीस्टार्टवर गेलं. मध्येच लाईट गेली, यूपीएसने धरलं. लाईट आली. पुन्हा रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तारखेच्या रकान्यावर क्लिक करून नव्या नोंदी वर घेतल्या. तीन-चार दिवसांतल्या लाल खुणा वाचल्या, त्यात काही सापडलं नाही. त्या रात्री मी ते मशीन दहा-बारा वेळा तरी रीस्टार्ट केलं असेल. एकदाही काही कुरकुरलं नाही. रात्री एकला संपूर्ण डिस्कची तपासणी लावून, सगळं चालू ठेवून, शटर अर्धं ओढून बाहेर आलो. शिपाई मामा बाहेर बाकावर माझी वाट बघत पेंगलेले.

"मेन बंद करू ना?"

"नको मामा. आजची रात्र चालू राहू द्या."

मंगळवारी सकाळी दिवस उघडला. मॅनेजर साहेबांनी चहा पाजला. मी केबलचे आणि मेहनतीचे पैसे घेतले. जुनी केबल मुद्दाम त्यांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे खराब काय होतं ते दिसावं. आता ते आठवलं की लाज वाटते. केबल चांगली होती.

बुधवारी साडेदहाला पुन्हा फोन.

या वेळी मी दुकानातच होतो, चहा तसाच टाकून गेलो. सर्व्हरच्या कोपऱ्यात घड्याळ बारा वाजून पंचवीस मिनिटं दाखवत होतं, तेही रात्रीचे. त्या काळच्या विंडोजमध्ये टास्कबारवर फक्त वेळ दिसायची. तारीख बघायची तर बाण त्यावर नेऊन थांबावं लागे. नेला. १ जानेवारी २००३.

नवा क्लार्क शांतपणे म्हणाला, "हां, सोमवारी पण असंच होतं. पुण्याच्या साहेबांनी फोनवर तारीख बघायला सांगितली, तर मी बदलून दिली होती."

सोमवारी मी येण्याआधीच यानं तारीख नीट करून ठेवली होती आणि मी रात्री एकपर्यंत डिस्क चाचपत बसलो. बोलायचं काय? त्याची चूक नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "सगळं बंद करा. सकाळी आल्यावर जसं चालू करता, तसं माझ्यासमोर करा. एकही पायरी गाळू नका."

मामांनी भिंतीवरच्या बोर्डाचा मेन खाली ओढला. यूपीएसचा दिवा विझला. थोडं थांबून मेन वर केला, यूपीएसचं बटण दाबलं, क्लार्कने सर्व्हरचं दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. आणि खाली, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. क्लार्कने पडद्याकडे न बघता, माझ्याशी बोलता बोलता एफ-वन दाबलं.

"हे रोज येतं?"

"येतं ना. एफ-वन दाबलं की जातं."

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीनला लाईट नसते तेव्हा घड्याळ आणि बायोसची सेटिंग तो धरून ठेवतो. सेल मेला तरी, बटण बंद असलेल्या मशीनला पिनमधून वीज मिळत असेल तोवर तारीख टिकते. रीस्टार्टवर तर काहीच होत नाही. म्हणूनच माझ्या दहा-बारा रीस्टार्टना मशीन गप्प राहिलं. सोमवारी रात्री मीच मेन चालू ठेवायला लावला, म्हणून मंगळवार सुखाचा गेला. मंगळवारी रात्री मामांनी नेहमीप्रमाणे मेन पाडला आणि बुधवारी सर्व्हर दहा वर्षं मागे गेला. शिवाय काउंटरच्या चारही मशीनांवर कुणीतरी पूर्वी एक छोटी बॅच फाइल टाकून ठेवलेली होती. सुरू होताच ती सर्व्हरची वेळ उचलून स्वतःला लावायची. चांगल्या हेतूने केलेलं काम, पण त्यामुळे पाचही मशीनं एकमतानं २००३ मध्ये बसली होती. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय विंडोजमध्ये असते. पण त्या सर्व्हरला नेट दिलेलंच नव्हतं, आणि दिलं असतं तरी अशा सुट्या मशीनवर पंधरा तासांहून जास्त फरक असला की ती सोय हात वर करते. मुकाट्यानं दहा वर्षं पुढे उडी मारणारं घड्याळ कुणाला हवंय!

इव्हेंट व्ह्यूअर पुन्हा उघडला आणि या वेळी यादी तळापर्यंत ओढली. तिथं १ जानेवारी २००३ च्या नोंदी एकाखाली एक पडलेल्या. शेकड्यांनी. मी सोमवारी तारखेवर क्लिक केल्यामुळे त्या इमानेइतबारे तळाला जाऊन बसल्या होत्या.

शेकड्यांनी, म्हणजे सेल मरून वर्ष तरी झालं असणार. मग बोंब या सोमवारीच का?

"या आठवड्यात काय बदललं?" मी मॅनेजर साहेबांना विचारलं.

"काहीच नाही बदललं. नवीन काही टाकलं नाही. पेनड्राईव्ह तर मी लावूच देत नाही कुणाला." मग थोडं थांबून, "आपले कॅशिअर टेंभुर्णीला गेले. ऐन मार्चच्या तोंडावर बदली केली वरच्यांनी, काय बोलणार."

कॅशिअरभाऊंना तिथूनच फोन लावला. किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून सगळ्यांच्या आधी तेच यायचे.

"हां, एफ-वन दाबायचो. मग घड्याळावर दोनदा क्लिक करून तारीख टाकायची, वेळ टाकायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून. वर्ष झालं असंल. काहून, काय झालं?"

"कधी सांगितलं नाही, भाऊ?"

"आता यात सांगायचं काय? दोन मिनिटांचं काम."

म्हणजे वर्षभर त्या सर्व्हरचा सेल म्हणजे कॅशिअरभाऊ होते. त्यांची बदली झाली आणि बिघाड उघडा पडला. नव्या क्लार्कला एफ-वन तेवढं पडद्यावर लिहिलेलं दिसलं. तारखेचं कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. आधी 'काय बिघडलं' विचारायचो, आता 'रोज काय करता' विचारतो. एका दवाखान्यात प्रिंटर अडकायचा. तिथली मुलगी दर वेळी कॉम्प्युटर बंद-चालू करून पेशंटला दहा मिनिटं बसवायची आणि हे तिला कामाचाच भाग वाटायचं. स्पूलर सर्व्हिस थांबवायची, सिस्टिम थर्टी-टूमधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या अडकलेल्या फायली पुसायच्या, सर्व्हिस पुन्हा चालू करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. एकाच्या मशीनवर एनटीएलडीआर मिसिंग असं यायचं, तो गाणी भरलेला पेनड्राईव्ह उपसून पुन्हा चालू करायचा. मशीन त्या पेनड्राईव्हमध्येच विंडोज शोधत होतं. बूटचा क्रम बदलला, संपलं. आणि एक कबुली: या सर्व्हरच्या आधी एका मशीनवर निळा पडदा आला होता, शेवटी सेव्हन-बी असलेला आकडा. मी फॉरमॅट मारला. त्या माणसाचे मुलीच्या लग्नाचे फोटो गेले. आज कळतं की तिथंही सेल मेला होता. बायोसने मूळ सेटिंग घेतलं, हार्ड डिस्कचा मोड बदलला आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना. बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलायची होती. "फॉरमॅट मारून टाक भाऊ" असं गिऱ्हाईकच म्हणायचं आणि मलाही ते सोपं वाटायचं.

पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल २०१४ ला, एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने काढला. १४ जुलै २०१५ ला सर्व्हर २००३ चाही. जाफराबादेत त्या तारखांना काहीच घडलं नाही, मशीनं दुसऱ्या दिवशीही चालू झाली. लोक मला विचारायचे, "बंद होणार होतं ना?" मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीही पॅच द्यावा लागला. तो मी पेनड्राईव्हवर घेऊन मोटारसायकलवर तालुकाभर फिरलो. मुंबई-पुण्यातले लोक म्हणतात जुनं फेकून द्या. फेकलं असतं, पण एखाद्या लेखनिकाच्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या पंधरा वर्षांच्या फायली नव्या मशीनवर उघडल्या की नुसता अक्षरांचा काला होतो. ते कोण निस्तरणार?

असो. त्या बुधवारी सेल आणायला जालन्याला जायची गरज पडली नाही. बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी काचेच्या बरणीतून सेल काढला, जिभेला न लावता मीटरला लावला, म्हणाले, "कोणत्या घड्याळाचा?" म्हटलं, कॉम्प्युटरच्या. "त्यात पण घड्याळ असतं?" असं म्हणून त्यांनी वीस रुपये घेतले.

सेल बसवला. बायोसमध्ये तारीख टाकली. मामांकडून मेन पाडून घेतला. आम्ही पाच मिनिटं अंधारात बसलो, पुन्हा चालू केलं. एफ-वन आलं नाही. मामांनी विचारलं, "मग आता मी मेन बंद करायचा का नाही?" करा म्हटलं. शेजारचं एक दुकान पूर्वी वायर जळून गेलं होतं, तेव्हापासून ते मेन पाडूनच घरी जात. त्यांचं बरोबरच होतं.

एक कागद मात्र मागे राहिला. बुधवारी सकाळी, कुणाचं लक्ष जायच्या आत, एका म्हाताऱ्या बाबांना डॉट मॅट्रिक्सवर खात्याचा उतारा काढून दिला गेला होता. त्यावर छापलेलं, १ जानेवारी २००३. बाबा दुपारी परत आले, तो कागद काउंटरवर सरळ केला.

"हे दहा सालाचं व्याज कधी देता?"

सगळं काउंटर हसलं. मॅनेजर साहेब कागद बदलून द्यायला लागले तर बाबांनी तो घडी करून बंडीच्या खिशात घातला. म्हणाले, राहू द्या, त्या साली पाऊस तरी होता का बघतो.

मार्चचं उरकल्यावर कॅशिअरभाऊंचा टेंभुर्णीहून फोन आला. इकडं आला की आमच्याकडच्या मशीनकडे पण एकदा बघ, म्हणाले.

"काय होतंय?"

"होत काही नाही. सकाळी एफ-टू दाबावं लागतं."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून तर दाबतोय. आधीच्यानं चार्ज देताना कागदावर लिहूनच दिलंय ना: तिजोरीच्या किल्ल्या दोन, शिक्के तीन, सकाळी एफ-टू."